दिसतंय, पण लिहायचं कुणी?

आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रेचं मशीन होतं, डार्करूम होती, डेव्हलपर-फिक्सरच्या टाक्या होत्या आणि मी होते. रेडिऑलॉजिस्ट नव्हता. ओपीडीतून पेशंट चिठ्ठी घेऊन यायचा, त्याचा 'फोटो' निघायचा, फिल्म ओली असतानाच व्ह्यू बॉक्सवर अडकवली जायची. मग मेडिकल ऑफिसर, वॉर्डातले मामा, पेशंटचा मेहुणा असे सगळेच माझ्या तोंडाकडे बघायचे. "मॅडम, मोडलंय का ओ?" मेहुण्याला घाई असायची. मोडलं नसेल तर संध्याकाळच्या एसटीने घरी, मोडलं असेल तर गावच्या हाडवैद्याकडे, हा त्याचा बेत आधीच ठरलेला. डॉक्टरांची घाई वेगळी होती. एमबीबीएस संपवून बाँडवर आलेला तो पंचविशीचा मुलगा. लेबर रूममध्ये एक बाई अडलेली, बाहेर बाकावर विंचू चावलेला माणूस. तोही हळूच विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं?" मी सांगायचे. तो केसपेपरवर लिहायचा. खाली सही त्याची.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या कुठल्याही एक्स-रे टेक्निशियनला विचारा, असंच काहीतरी सांगेल. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. दिवसभर मनगटं, घोटे, गुडघे बघून डोळा तयार होतो. कॉलेज सोडून वर्ष न झालेल्या डॉक्टरने जितके एक्स-रे पाहिलेले असतात, त्याच्या कितीतरी पट टेक्निशियनने काढलेले असतात. पण या तयार डोळ्यात एक उणीव होती, आणि ती मला फार उशिरा उमगली. मी सांगितलेलं बरोबर निघालं की नाही, हे कळायची सोयच नव्हती. पेशंटला सिव्हिलला पाठवला की तो आमच्यापुरता संपला. तिथे सीटी झाला, ऑपरेशन झालं, की नुसतं प्लास्टर घालून परत पाठवला, यातलं काहीही माझ्यापर्यंत यायचं नाही. माझं मत कागदावर नव्हतंच, मग ते चूक की बरोबर हे बघायला कोण बसणार? फिल्मवर माझी खूण एकच, कोपऱ्यातलं शिशाचं 'आर' किंवा 'एल'. उजवा हात की डावा, एवढ्यापुरतीच माझी जबाबदारी. अनुभव साचत होता, पण त्याची पारख होत नव्हती.

आता मी इंग्लंडच्या उत्तर भागात रिपोर्टिंग रेडिओग्राफर म्हणून काम करते. हाडांचे एक्स-रे वाचून त्यांचा अहवाल लिहिते आणि त्या अहवालाखाली माझं नाव आणि हुद्दा येतो. वर दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. गावी हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे तू डॉक्टर झालीस?" नाही झाले. मी कुणाला तपासत नाही, औषध देत नाही, ऑपरेशन करा म्हणून सांगत नाही. फोटोत काय दिसतंय आणि त्याचा अर्थ काय, एवढंच लिहिते. पण ते लिहिते.

ही मुभा इथेही कुणी ताटात वाढून दिलेली नाही. 1895 मध्ये एक्स-रेचा शोध लागला, तेव्हा सुरुवातीला फोटोग्राफर, विजेची कामं करणारे, डॉक्टर, ज्याच्याकडे यंत्र तो फोटो काढी आणि बरेचदा तोच वाची. ब्रिटनमध्ये 1920 साली सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स स्थापन झाली आणि त्याच दशकात वाटणी पक्की झाली. फोटो काढायचा रेडिओग्राफरने, वाचायचा डॉक्टरने. पुढची पन्नासेक वर्षं ही रेघ कुणी ओलांडली नाही. 1971 मध्ये स्विनबर्न नावाच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की साधे आणि बिघाड असलेले फोटो वेगळे काढायला रेडिओग्राफरला शिकवता येईल. यामागे समतेचा वगैरे विचार नव्हता, व्यवहार होता. न वाचलेल्या फिल्म्सचा ढीग वाढत होता आणि वाचणारे डोळे कमी पडत होते.

मग आला लाल ठिपका. 1985 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटासा प्रयोग छापून आला. अपघात विभागातून आलेल्या पेशंटच्या फिल्मवर रेडिओग्राफरला काही वावगं दिसलं, तर त्याने लाल रंगाचा गोल स्टिकर चिकटवायचा. बस्स. कॅज्युअल्टीतला शिकाऊ डॉक्टर ठिपका बघेल आणि फोटो पुन्हा एकदा नीट बघेल. ही पद्धत इतकी सोपी आणि स्वस्त होती, की बघता बघता देशभर पसरली. मी इथे बँड 5 वर, म्हणजे अगदी खालच्या पायरीवर रुजू झाले तेव्हा स्टिकर जाऊन संगणक आला होता, पण रीत तीच होती. फोटोवर एक शब्द उमटवायचा आणि पुढे पाठवायचा. मला फार बरं वाटलं. आपण गावी तोंडाने करत होतो त्याला इथे निदान एक खूण तरी आहे, असं वाटलं.

पुढे त्या ठिपक्यातली गोम लक्षात आली. ठिपका असेल तर ठीक, पण नसेल तर काय समजायचं? सगळं ठीक आहे म्हणून लावला नाही? की शंका होती पण छातीठोक सांगवेना म्हणून? की रविवारी संध्याकाळी बाहेर वीस पेशंट ताटकळत होते आणि कुणाला फोटोकडे पुन्हा बघायला सवडच झाली नाही म्हणून? डॉक्टर मात्र ठिपका नाही म्हणजे मोडलेलं नाही असं धरून चालायचे. शिवाय ठिपका नेमका कशासाठी लावला तेही कळायचं नाही. डॉक्टर एक जुनी भरलेली फट बघून समाधान मानायचा आणि नवीन मोडलेलं हाड तसंच राहायचं. रेडिओग्राफरांच्या संघटनेने 2013 मध्ये म्हणूनच सांगितलं, की नुसती खूण करून भागणार नाही, दोन ओळी लिहा. काय दिसतंय, कुठे दिसतंय. माझ्या मते खरा बदल इथून झाला. खूण करणाऱ्याला मागे सरता येतं, लिहिणाऱ्याला येत नाही.

लिहिण्याचा अधिकार मिळतो तो विद्यापीठात जाऊन. असे पदव्युत्तर अभ्यासक्रम इथे नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून आहेत. नोकरी सांभाळून मीही एक केला. वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा त्यातली मजुरी जास्त लक्षात राहिली. शेकडो फोटोंचे अहवाल लिहायचे, हॉस्पिटलातले रेडिऑलॉजिस्ट ते तपासणार, शेरे मारणार, आणि ते सगळं वहीत नोंदवायचं. माझे मार्गदर्शक पन्नाशीचे, अत्यंत सभ्य आणि अत्यंत कडक. माझे पहिले अहवाल वाचून ते म्हणाले, की यात मला काय दिसलं हे आहे, पण डॉक्टरने विचारलं होतं काय याचं उत्तर नाही. खरंच होतं ते. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, 'पडली, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, स्कॅफॉइड?' आणि मी सगळ्या मनगटाचं वर्णन करत सुटायचे. शेवटी जपून एक वाक्य टाकायचे, की क्लिनिकल तपासणीशी ताडून पाहावे. ही सवय आपल्याकडून आलेली. त्यांनी ती मोडून काढली. म्हणाले, "तो पेशंट तपासूनच फोटो मागवतो. तुला शंका असेल तर कशाची आहे ते लिही, आणि पुढे काय केलं तर ती फिटेल तेही लिही." स्कॅफॉइडचं हाड पहिल्या दिवशी मोडलेलं असूनही दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. त्यामुळे 'अस्थिभंग दिसत नाही' एवढ्यावर थांबून चालत नाही. दुखणं तिथेच असेल तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो किंवा एमआरआय, हेही लिहावं लागतं.

हाडांचा फोटो वाचायचा म्हणजे मोडलेली रेघ शोधायची, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. लहान मुलाचं कोपर बघितलं की तो समज जागेवर उतरतो. कोपराची टोकं जन्मतः कूर्चेची असतात, फोटोत दिसतच नाहीत. मग त्यांच्यात एकेक करून हाडाचे दाणे उगवतात. ते साधारण वयाच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी, आणि ठरलेल्या क्रमाने. वर्षं मागेपुढे होतात, क्रम सहसा चुकत नाही. आतल्या बाजूचा उंचवटा, ज्याला मीडियल एपिकॉन्डाइल म्हणतात, तो क्रमात तिसरा. त्याच्या खालचा, सांध्यातला ट्रोक्लिया चौथा.

आठ वर्षांचा एक मुलगा ट्रॅम्पोलिनवरून पडून आला होता. इथे घरोघरी अंगणात ती जाळी असते आणि उन्हाळ्यात आमच्या विभागाला तिचाच पुरवठा. कोपर सुजलेलं, वाकवू देईना. फोटोत कुठेही चीर नाही. सांध्याच्या आतल्या बाजूला एक छोटा गोल दाणा, जिथे ट्रोक्लिया असतो बरोबर तिथे, वयालाही शोभेलसा. शिकाऊ डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'हाड ठीक दिसते, झोळी देऊन घरी पाठवतो'. पण क्रम मोजत गेलं की अडायला होतं. पहिला आहे, दुसरा आहे, चौथा आहे, मग तिसरा कुठे गेला? त्याची जागा रिकामी. चौथा आला आणि तिसरा आलाच नाही, असं सहसा होत नाही. म्हणजे सांध्यात दिसणारा दाणा हा चौथा नाहीच, तो तिसराच आहे. कोपर निखळताना स्नायूंनी तो तोडला, निखळलेलं कोपर आपोआप बसलं आणि बसताना हा तुकडा सांध्याच्या फटीत अडकला. असं मूल झोळी घालून घरी गेलं तर सांधा कायमचा आखडू शकतो. मी फोन उचलला, मग अहवाल लिहिला. मुलगा अजून वेटिंग रूममध्ये टॅब्लेटवर कार्टून बघत बसला होता. त्याला तिथूनच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

हे सांगण्यात माझी शेखी नाही. हा क्रम माझ्या पुस्तकातला पहिल्या महिन्याचा धडा आहे, आणि तो कुणालाही शिकता येतो. मुद्दा वेळेचा आहे. तोच फोटो रेडिऑलॉजिस्टच्या रांगेत लागला असता तर त्यांनीही हेच लिहिलं असतं, पण कदाचित चार दिवसांनी. आमच्या खोलीत रेडिओग्राफर दिवसभर बसलेला असतो, त्यामुळे कॅज्युअल्टीचे बरेच अहवाल पेशंट इमारतीत असतानाच जातात.

रांग किती लांब होऊ शकते याचा इथल्या लोकांनी धसका घेतलेला आहे. 2017 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात असं उघड झालं, की छातीचे वीस हजारांवर एक्स-रे तज्ज्ञाने वाचलेच नव्हते. ते शिकाऊ डॉक्टरांवर सोडले होते आणि त्यात फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या पेशंटचेही फोटो होते. त्यानंतर तपासणी आयोगाने देशभरातल्या हॉस्पिटलांचा आढावा घेऊन 2018 मध्ये अहवाल काढला. इथल्या कायद्याने प्रत्येक एक्स-रेचं मूल्यमापन होऊन त्याची नोंद राहायलाच हवी. किरणं अंगावर घेतलेल्या माणसाला निदान त्यातून काय निष्पन्न झालं ते कळायला हवं, हे त्यामागचं साधं तत्त्व. आणि रेडिऑलॉजिस्टच्या संघटनेच्याच 2023 च्या गणनेप्रमाणे गरजेपेक्षा सुमारे 30 टक्के रेडिऑलॉजिस्ट कमी आहेत. असलेल्यांना सीटी आणि एमआरआयमधून डोकं वर काढायला फुरसत नाही.

तरी विरोध आहे, आणि तो सगळाच आकसातून आलेला आहे असं मी म्हणणार नाही. एक आक्षेप असा, की साधे फोटो आम्हीच वाचत राहिलो तर शिकाऊ रेडिऑलॉजिस्टांचा हात कशावर बसणार? हे मला पटतं. आमच्याकडे आता ते आठवड्यातून एक सकाळ माझ्या शेजारी बसतात. सीटी वाचण्यात पटाईत झालेली मुलगी मुलाच्या कोपरापुढे गोंधळते, तेव्हा तिला ते दाणे मोजायला शिकवणारी मी असते, आणि शिकवणारी मी कोण याचं तिला काही वाटत नाही. तिच्या आधीच्या पिढीतल्या काहींना वाटतं. दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा. चांगले रेडिओग्राफर वाचायला बसले तर काढायला कोण उरतं? रेडिओग्राफरही काही झाडाला लागत नाहीत. वाचणाऱ्यांची टंचाई काढणाऱ्यांच्या खोलीत ढकलली गेली, असं होऊ शकतं, आणि काही ठिकाणी होतंही.

तिसरी गोष्ट पगाराची. अहवाल लिहिणारा बँड 7 वर जातो. डॉक्टरपेक्षा तो अर्थातच स्वस्त पडतो, आणि हॉस्पिटलच्या हिशेबनीसाला आमच्या गुणवत्तेपेक्षा हे जास्त आवडतं. ते मला ठाऊक आहे. म्हणूनच मर्यादा कागदावर असणं माझ्याच फायद्याचं आहे. मी कुठले फोटो वाचायचे, कुठले नाही, हे माझ्या नावाने लिहून ठेवलेलं आहे. हात, पाय, खांदा, कंबर हे माझं क्षेत्र. छातीचे वाचणारे वेगळं शिकून आलेले असतात. शाळकरी मुलाच्या गुडघ्याच्या वर हाडाच्या कडेला सालपटं सुटल्यासारखं दिसलं, तर ते फुटबॉलच्या मारामुळे असेल असं म्हणून मी सोडत नाही, आणि तो कॅन्सरच आहे असा निकालही देत नाही. लगेच रेडिऑलॉजिस्टला दाखवते, आणि हाडाच्या गाठी बघणाऱ्या इंग्लंडातल्या पाच केंद्रांपैकी एकाकडे तो त्याच दिवशी जातो.

आणि ज्याची मला गावी कल्पनाही नव्हती ते इथे दर महिन्याला होतं. माझ्या अहवालांपैकी काही आपोआप दुसऱ्याकडे जातात, तो माझं न बघता लिहितो आणि मग दोन्ही ताडतात. महिन्यातून एकदा बैठक असते. ज्या फोटोत पहिला अहवाल एक म्हणाला आणि पुढे सीटीत दुसरंच निघालं, असे फोटो नावं झाकून पडद्यावर लावतात. तिथे कन्सल्टंट असतात, आम्ही असतो, शिकाऊ असतात. कुणी कुणाला झापत नाही. का दिसलं नाही, यावर बोलणं होतं. एक मोडलेलं हाड सापडलं की डोळा सुखावतो आणि दुसरं शोधायचं थांबवतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या खोलीत बसून ते पटलं, कारण तिथे वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या बाबतीतही ते झालेलं दिसतं.

घरच्यांना यातलं काही सांगता येत नाही. चुलतभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "ताई, आईच्या गुडघ्याचा फोटो टाकलाय, बघ गं जरा." फिल्म खिडकीच्या गजांना टेकवून मोबाईलने काढलेली असते. काकूच्या गुडघ्यामागून समोरच्यांच्या गच्चीवरचे कपडे दिसतात. मी म्हणते, डॉक्टरांना दाखव. तो म्हणतो, "एवढी शिकून गेलीस आणि साधं सांगत नाहीस?" मी जुन्या रुग्णालयात असते तर सांगितलं असतं. आता सांगायची छाती होत नाही, कारण मत देणं आणि मताला जबाबदार असणं यातलं अंतर मी इथे शिकले.

आपल्याकडे मात्र आता एक नवीनच गंमत झाली आहे. टीबी शोधण्यासाठी छातीचा डिजिटल एक्स-रे संगणकाने वाचला तर चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं. 15 वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी, माणसाने वाचण्याच्या ऐवजीसुद्धा. अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत आपल्या मुंबईचीही एक आहे. गावोगाव हातात धरायची मशीन जातात, फोटो निघतो आणि काही क्षणांत पडद्यावर आकडा येतो. त्या कामाला माझा आक्षेप नाही. जिथे कुणीच वाचत नव्हतं तिथे काहीतरी वाचतंय. पण मशीनला मत द्यायची परवानगी आहे, आणि मशीनशेजारी उभ्या असलेल्या टेक्निशियनला नाही. बाईची जाड वेणी खांद्यावर पुढे राहिली, तर फुप्फुसाच्या टोकाशी टीबीसारखी सावली येते. गळ्यातला ताईत, पूर्ण न घेतलेला श्वास, वाकडं उभं राहणं, या सगळ्यातून फोटोत काही ना काही उमटतं. त्या पेशंटला "वेणी मागे घ्या, श्वास धरून ठेवा" असं सांगणारी बाई तिथेच असते. आकड्यापुढे तिची एक ओळ आली तर डॉक्टरचं काम सोपं होणार नाही का?

2021 सालीच केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्यात रेडिऑलॉजी आणि इमेजिंगच्या तंत्रज्ञांना व्यवसाय म्हणून जागा मिळाली, नोंदणीची तरतूद झाली. आमच्या पिढीला याचं महत्त्व सांगायला नको. पण नोंदणी झाली म्हणून उद्यापासून तालुक्याच्या टेक्निशियनने अहवाल लिहावेत, असं मी म्हणणार नाही. इथलं दोन वर्षांचं शिक्षण, तपासणारे रेडिऑलॉजिस्ट आणि ती महिन्याची बैठक वगळून नुसती सही उचलून नेली, तर पेशंटचं नुकसान होईल आणि धंदेवाईकांचं फावेल.

सुरुवात त्याहून लहान करता येईल. एक्स-रेच्या रजिस्टरमध्ये शेवटी एक रकाना वाढवायचा: टेक्निशियनला काय दिसलं. एक ओळ, आणि खाली नाव. निर्णय डॉक्टरचाच राहील. महिन्यातून एकदा सिव्हिलच्या रेडिऑलॉजिस्टने त्यातले थोडे फोटो त्या ओळीसकट बघावेत आणि काय बरोबर, काय चूक, ते कळवावं. याला नवीन पद लागत नाही, नवीन मशीन लागत नाही. रात्री दोन वाजता "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न आत्ताही विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावर पेशंट घरी जातात. ते उत्तर कागदावर आलं, तर निदान ते कुणीतरी तपासेल.